पोळ्यांच्या वेळेला फिरलेला बाण

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज जीव जायचा राहिला! पोळ्या करून हॉलमध्ये आले, तर कॉम्प्युटरवर माऊसचा बाण आपोआप फिरतोय. माऊसवर कुणाचा हात नाही! फोटो उघडले. दुर्गा टेकडीवरचा आमचा तिघांचा फोटो मोठा झाला. आणि बाण माझ्या तोंडाभोवती गोल गोल फिरायला लागला. मी अशी किंचाळले की शेजारचे रंगराव धावत आले. "हॅकर हाय ज्योतीराम, बंद कर आधी!" ह्यांना हाक मारत ओरडले. हे बाल्कनीतून आले, क्षणभर नुसते बघत राहिले. मग भिंतीतला प्लगच उपटला.

मेल्या, माझ्या तोंडावर काय शोधत होतास?

५ नोव्हेंबर, बुधवार

रंगरावांनी भोसरीहून सिद्धेशला पाठवलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. वायफायच्या डब्याचा पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच, आणि विंडोजचे अपडेट दोन वर्षं झालेलेच नाहीत म्हणे. "काकू, हे म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं." मग थबकला. आत एक ॲप सापडलं. त्यातनं दुसरीकडे बसलेला माणूस आमचा कॉम्प्युटर चालवू शकतो! "पण कुणी फोडून आलेलं नाही. घरातल्याच कुणीतरी बसवलंय हे."

"काढून टाक," हे म्हणाले. तिकडे बघितलंसुद्धा नाही.

कॉम्प्युटरचा पासवर्डही बदलायला हवा म्हणाला. जुना कोणता? हे पुढे सरकले. मग कीबोर्ड ओढून स्वतःच टाइप केला. सिद्धेश हसला, "काका, दिव्या आणि पुढं जन्मसाल? मुलीचं नाव कुणीही ओळखतं हो." हे उठून बाल्कनीत गेले.

दोन वर्षं ह्या घरात ते नाव काढायची बंदी. आणि हे रोज बोटांनी लिहीत होते!

६ नोव्हेंबर

भाजी करपली. कशातच लक्ष नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडी घासताना आठवलं, आणि पातेलं हातातून सुटलं. ते ॲप दिव्यानंच बसवलेलं! वाकडला नोकरीला लागली तेव्हा. माझं लाइटबिल भरायचं अडलं की मी फोन करायची आणि ती ऑफिसातून बाण फिरवायची. "आई, हात काढ माऊसवरनं." आणि आधी नेहमी तो बाण गोल गोल — आले गं, म्हणून!

तीच होती. माझी पोर घरात आली आणि मी चोर चोर म्हणून ओरडले.

तिनं परस्पर लग्न केलं तेव्हा ह्यांनी आमचे दोघांचे नंबर बदलले, तिचा पुसून टाकला. मला पाठ नव्हता. कुणाला पाठ असतात आता नंबर? डोळे सुजलेत. ह्यांना कांद्याचं सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाही राहवलं. पदर खोचून उभी राहिले ह्यांच्यासमोर. "ती दिव्या होती! माझ्या लेकीला तुम्ही दुसऱ्यांदा बाहेर काढलंत!"

हे चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला."

काय!

"वरीस झालं. तू भजनाला गेलीस की यायची. फोटो बघायची अन् जायची. मी बाल्कनीत बसायचो, उगं माऊसला धक्का नको म्हणून."

पंखा चालू राहिला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस! चाकणच्या कंपनीत अख्खी लाइन ह्यांना टरकायची. पण कॉम्प्युटर मला कधी बंद करू दिला नाही — "ऱ्हाऊ दे, अपडेट होतंय." कसले डोंबलाचे अपडेट!

"मग प्लग का उपटलात?"

"रंगराव हुते ना समोर."

काय बोलू ह्या ताठ्याला? उशी फेकून मारली मी. मग शेजारी जाऊन बसले. दोघंही रडलो, अगदी लहान पोरांसारखं.

"पण मंगळवारी पोळ्यांच्या वेळेला कशी आली? मी घरात असते तेव्हा." "त्येच मला कळंना," म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

सिद्धेशनं ॲप परत टाकलं. पण आता ॲपचा जोडायचा नंबर नवा. तो तिला कळवल्याशिवाय ती येऊ शकत नाही. "मी सगळं पक्कं बंद केलंय काकू," बिचारा ओशाळला. त्याचा काय दोष!

रंगरावांनी मागं तिला वाकडच्या एका टॉवरमधून निघताना पाहिलं होतं. आज हे स्वतः त्यांच्या दारात गेले, पत्ता विचारायला. लाज गेली खड्ड्यात! उद्या जायचं. नवा नंबर चिठ्ठीवर लिहून ह्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलाय. मी बेसनाचे लाडू केलेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

गेटवर वॉचमननं अडवलं. कुणाकडं? ह्यांच्या तोंडून नाव निघालं. "दिव्या. आमची मुलगी."

"त्या मॅडम? त्या गेल्या की कॅनडाला. कायमच्याच. मंगळवारी रात्री गाडी आली होती न्यायला."

मंगळवारी. मला निरोप द्यायला आली होती.