तांब्याचा पोचा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
माघ शु. १०, शके १८५४

चि. सौ. मथुरास अक्काचा आशीर्वाद.

इकडे देवाच्या कृपेने सर्व बरे. तुझे कसे आहे ते ठाऊक नाही, कारण दिवाळीपासून सांगोल्याहून तुझी एक ओळ नाही. असो. यंदा हुरडा गोड होता.

विशेष म्हणजे मी चित्रे काढायला शिकते आहे. हसून घे. इकडच्या स्वारीचे हसून झाले आहे.

शेजारी सिद्धलिंगप्पा ड्रॉइंग मास्तर राहतात. पेन्शनीत निघाले तरी हात शिवशिवतो. त्यांना विचारले तर म्हणाले, "रोज एकच तांब्या काढा बाई. तांब्या कंटाळला की मग पुढचं बघू." म्हणून नेमच धरला. पूजा आटोपली की चूल पेटवण्याआधी देवघरासमोर तांब्या ठेवून बसते. कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ. मथे, जपाच्या वेळी मन दुधावर गेले तर देव काही बोलत नाही. तांब्या मात्र लगेच वाकडा होतो.

रांगोळीचा हात, त्यामुळे आधी ठिपके मांडले आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या आणल्या. मास्तर कागद लांब धरून म्हणाले, "ह्या तांब्याला पोचा हाय की. तो कुटं गेला?"

"तो मागच्या बाजूला फिरवून ठेवलाय. घरातला पोचा चारचौघांत कशाला?"

"बाई, तुमाला तांब्या काढायचाय का त्याचं लग्न जमवायचंय?"

खोडायला रबर हवे म्हटले तर म्हणाले, पावाच्या मऊ गराने छान निघते. आता आपल्या सोवळ्यात पाव कुठला? मी कडक भाकरीने खोडले. तांब्याला भोक पडले, आणि उरलेला मुंग्यांनी नेला.

मग माणूस काढायचे ठरले. इकडची स्वारी समोर बसली आणि लगेच डुलक्या घेऊ लागली. मी ठिपके मांडून मिशीची दोन्ही टोके सारखी वर काढली. जागे झाल्यावर निरखून विचारणे झाले, "हे कोण सुभेदार?" डावे टोक कायम खाली पडलेले असते, हे इतक्या वर्षांत मला दिसलेच नव्हते. आता रोज त्या टोकाला तेल लागते आहे. तेवढा खर्च वाढला.

हे सगळे कशासाठी, ते लिहायचे टाळत होते. दिवाळीत तू पानावरून अर्धे जेवून उठलीस आणि म्हणालीस, "अक्का, तू भांडी बघतेस, माणसं बघत नाहीस." मला राग आला. अजूनही थोडा आहे, कारण भांडी कुणीतरी बघावीच लागतात.

पण गड्ड्याच्या जत्रेत तुझी नणंद भेटली. म्हणाली, सगळा आश्विन तू तापाने झोपून होतीस, तशीच भाऊबीजेला आलीस. मी तुझ्यासमोर तासभर बसून लोणच्याच्या बरण्यांबद्दल बोलत होते.

त्या दिवसापासून तुझा चेहरा काढून बघते आहे. नाक जमले, कारण ते आईचे आहे. पण भुवईवरचा देवीचा वण कुठल्या बाजूला, ते आठवेना. लहानपणी एका वाकळेत झोपलो आपण. हाताला सवय म्हणून दोन्ही भुवयांवर काढला. मास्तर बघून म्हणाले, "एवढं आजारपण एका पोरीला कशाला दिलं?" पदराने कागद पुसायला गेले तर सगळाच चेहरा काळा झाला.

वण उजवीकडे की डावीकडे, ते पत्राने कळवू नकोस. मोटारीने ये आणि खिडकीपाशी बस. बोलली नाहीस तरी चालेल, मास्तर म्हणतात समोरच्याने हलू नये. जेवण मात्र पुरे करावे लागेल.

तांब्या आता पोचा पुढे करूनच ठेवते.

तुझी,
अक्का