भोक नसलेला शिंगाळा

१ डिसेंबर १९८५, रविवार

आज यांच्याबरोबर पवईला गेले आणि चूक केली. डोळे मिटले की तो डबाच दिसतो.

डबा डालड्याचा, रिकामा, झाकण घट्ट लावलेला. भाल्याला नायलॉनची दोरी आणि दोरीच्या टोकाला हा डबा. मासा भाला घेऊन पळाला तर कुठे गेला ते डब्यावरून कळावं, म्हणून. भाला यांनी स्वतःच कारखान्यात लेथवर केलाय — पुढे तीन काटे, मागे सायकलच्या ट्यूबचं रबर. रबर ताणायचं आणि सोडायचं. शिंगाळे मासे दिवसा बांधाच्या दगडांमधल्या बिळांत बसून असतात, मिशा तेवढ्या बाहेर. हे डोळ्यांना काच लावून, श्वास धरून खाली जातात आणि बिळाच्या तोंडाशीच भाला सोडतात. इतकी वर्षं हे सगळं नुसतं ऐकत होते. तेच बरं होतं!

हे खाली गेले. डबा पाण्यावर डुलत होता. दशरथ, म्हणजे यांचा कारखान्यातला जोडीदार, काठावर राखण करायला असतो. तो बिडी ओढत मला समजावत होता की वहिनी, थंडीत पाणी नितळ असतं, घाबरायचं नाही. मी म्हटलं, घाबरतंय कोण. तेवढ्यात डबा सरकायला लागला. आधी हळू. मग जोरात. मग बुडाला. पाण्यावर काहीच नाही. दशरथने बिडी टाकून दिली. त्याने बिडी टाकली म्हणून मी जास्त घाबरले.

मग डबा वर आला आणि त्याच्यामागून हे. हातात हा एवढा शिंगाळा, आणि हसताहेत! "बघितलंस?" म्हणाले. मी काय बघितलं ते मलाच ठाऊक. माझा हात पोटावर होता, तो मी पटकन काढून घेतला.

२ डिसेंबर

कुठेतरी बोलायला हवं म्हणून इथे लिहिते. मला दिवस गेलेत. तिसऱ्यांदा.

आधीच्या दोन्ही वेळी मी लगेच सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी आनंदाने चाळभर केलं. दोन्ही वेळी तीन महिने भरले नाहीत. दुसऱ्या वेळी पावसाळा सुरू होता. यांनी मारून आणलेला शिंगाळा मी चिरला तर तो गाभोळीने भरलेला निघाला. अंड्यांचे पिवळे दाणे, ओंजळभर. कुणाला काही वाटलं नाही. तिखलं झालं, सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. त्याच आठवड्यात सगळं गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माशाचा आणि याचा काडीचा संबंध नाही. मलाही कळतं ते, मी काय अडाणी आहे? पण कळून उपयोग काय! मासा चिरायच्या आधी मी त्याचं पोट दाबून बघतेच.

म्हणून यावेळी ठरवलंय. संक्रांतीपर्यंत तीन महिने भरतील. तोवर तोंड उघडायचं नाही. सासूबाईंपाशी नाही आणि यांच्यापाशीही नाही.

८ डिसेंबर, रविवार

खालच्या मजल्यावरच्या माणिकला सातवा लागलाय. तिचा नवरा रिक्षा चालवतो. आज त्याने कोंबडी आणली आणि दारातच कापायला बसला. सासूबाई वरून बघत होत्या. तरातरा खाली गेल्या आणि त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. "बायल पोटुशी आसा तुझी. अशा टायमाक घोवान जीव मारूचो नसता." बायको पोटुशी असताना नवऱ्याने जीव मारायचा नाही, म्हणून बिचारा कोंबडी काखेत घेऊन परत दुकानात गेला, कापून आणायला! चाळ हसून हसून बेजार.

मी नाही हसले. मला एकदम कळलं की माझ्याकडे इलाज आहे. मी एक शब्द बोलले की यांचा भाला त्याच दिवशी माळ्यावर जाईल. सासूबाई जाऊच देणार नाहीत यांना. पण तोच शब्द मी दोनदा बोलून बसलेय, आणि काय झालं ते माहीत आहे. न बोलावं तर हे दर रविवारी पाण्याखाली. बोलावं तर... नको, लिहायलाही नको.

दुपारी हे आले. मनगटावर लालभडक वळ, कातडं सोललेलं. डबा जलपर्णीत अडकतो म्हणून आता दोरी सरळ मनगटालाच बांधली होती! मोठा मासा होता, ओढत नेलं म्हणे थोडं. थोडं म्हणजे किती, मी विचारलं. "आलो ना वर," म्हणाले. मनगटाला बांधलेली दोरी पाण्याखाली सोडता येते का? एका हाताने? मला विचाराल तर नाही येत. मी मघाशी मोरीत कपड्यांच्या दोरीने करून बघितलं.

मासा साफ करताना तो वास नाकात गेला आणि मोरीतच ओकले. मागे वळले तर हे दारात उभे. पित्त झालंय, म्हटलं. हे माझ्यापुढचा मासा उचलून स्वतः चिरायला बसले.

११ डिसेंबर

स्वप्नात डबा. एकटाच, पाण्यावर.

१५ डिसेंबर, रविवार

आज एक विचित्रच. शिंगाळा आणला, चांगला हातभर लांब. भोक नाही.

यांच्या माशाला डोक्यामागे भोकं असतातच, भाल्याच्या काट्यांची. त्यांत बोट घालून मी मासा धरते, निसटत नाही म्हणून. आज बोट घालायला गेले तर कातडी अख्खी. सगळीकडे चाचपलं. फक्त वरचा ओठ फाटलेला, गळ लागल्यासारखा. गळ टाकून बसणाऱ्यांची हे किती टर उडवतात! झोप येते म्हणून मासे धरतात, म्हणतात.

भाला कुठे लागला याला, विचारलं. हे गडबडले. लागला कुठेतरी, म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. तांब्या बाहेरच होता.

१८ डिसेंबर

सासूबाईंचं माझ्यावर काहीतरी बिनसलंय. मी यांच्यासाठी आवडीने पपई आणली, ती न विचारता शेजारी देऊन टाकली. सकाळी नळावरची कळशी उचलली तर हातातून काढून घेतली. "रवांदे. तू अर्धा पाणी जिन्यारच सांडतंस." मी कधी सांडलं? तोंड वाकडं करून स्वतःच दोन्ही कळशा वर नेल्या, या वयात. मुलं राहत नाहीत म्हणून आता ही बाई माझ्या हातचं पाणीही नको म्हणणार का?

२२ डिसेंबर, रविवार

आज भोक होतं. ते बघून जास्त भीती वाटली.

जिवंत माशाला भाला लागला की आतलं मांस लाल-काळं होतं, रक्त साकळतं. इतके मासे चिरलेत मी. आजच्या भोकाच्या कडा पांढऱ्या, कोरड्या, पुसून काढल्यासारख्या. मेल्यावर पाडलेलं भोक. आणि एकच. भाल्याला तीन काटे आहेत! ओठ पुन्हा फाटलेला.

म्हणजे मासा दुसऱ्याने धरलेला. आणि याला भोक पाडलं कुणी? यांनी. माझ्यासाठी.

माझ्याशी खोटं बोलायला यांना कधी जमलं नाही, आणि आता माशाला भोक पाडण्यापर्यंत मजल गेली! मग रविवारी हे जातात कुठे? भाला तर घेऊन निघतात, गोणपाटात गुंडाळलेला. केस कोरडे होते आज. मागच्या रविवारीही कोरडेच होते का? आठवत नाही. दुसरी कुणी बाई असेल? माझं दोनदा गेलं तेव्हा नात्यातल्या बायका यांना काय सुचवत होत्या ते मी भिंतीआडून ऐकलंय. यांनी तेव्हा उडवून लावलं होतं. तेव्हा.

२९ डिसेंबर, रविवार

भोक. पांढरं. केस कोरडे.

५ जानेवारी १९८६, रविवार

जे झालं ते सगळं लिहून काढते.

दुपारी माणिकचा नवरा धावत वर आला. पवईला कुणीतरी बुडालंय, बांधाजवळ, माणूस मासे मारणारा आहे म्हणतात. सासूबाई देवळात गेल्या होत्या; हल्ली हे भाला घेऊन निघाले की त्या देवळातच जाऊन बसतात. मी चपला घातल्या आणि त्याच्या रिक्षात बसले.

घाटकोपर ते पवई रस्ता कसला, नुसते खड्डे. मी एकदा ओरडायचे लवकर चल, एकदा ओरडायचे सावकाश. तो वळून बघायला लागला. त्याला काय सांगणार? एक हात दांडीला, एक पोटावर. मनात म्हटलं, देवा, दोघांतला एक घेणार असशील तर — आणि पुढे बोलले नाही. कुठला घे ते मला म्हणता येईना. असली वेळ वैऱ्यावरही नको.

बांधावर गर्दी. लोकांच्या पायांमधून मला जमिनीवर टेकलेले दोन पाय दिसले, ओले, गोरे. हे सावळे आहेत. मी तिथेच बसले. तो माणूस जिवंत होता, पाणी ओकत होता. पाय घसरून पडला होता म्हणे. त्याची बायको त्याला मारत होती आणि रडत होती.

मग मी यांना शोधायला लागले. लांब, पिंपळाखाली, गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याशेजारी हे बसले होते. कपडे कोरडे. भाला गोणपाटात, सुतळीच्या गाठी मी घरी मारून दिल्या होत्या तशाच. दशरथचा पत्ता नाही. म्हाताऱ्याने टोपलीतून मासा काढून दिला. यांनी तो पायाशी ठेवला, खिळ्यासारखं काहीतरी काढलं आणि माशाच्या डोक्यामागे टोचलं. मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. बाई नाही. काही नाही. नुसता माणूस माशाला भोक पाडतोय.

मी यांच्या नजरेला न पडता परत फिरले. रिक्षात रडू आलं ते थांबेना. माणिकच्या नवऱ्याला कुणाला सांगू नकोस म्हटलं. हे पाण्यात उतरत नाहीत याचा आनंद व्हायला हवा ना मला? झाला, खोटं कशाला बोलू. पण पाण्यात का उतरत नाहीत? छातीत काही निघालंय का यांच्या? डॉक्टरांनी मना केलंय आणि मला भीती वाटेल म्हणून लपवताहेत?

८ जानेवारी

पोटात दुखतंय. कळ येते आणि जाते. उशीला दात लावून पडलेय. यांना डोकं दुखतं म्हणून सांगितलंय. हे ऑफ घेऊन घरीच बसलेत, उगाचच रेडिओ खोलताहेत.

संध्याकाळ. थांबलं. काही नाही झालं. काही नाही झालं!

१२ जानेवारी, रविवार

शिंगाळा. चिरला. हे माझ्या हाताकडे बघत होते आणि मी यांच्या छातीकडे.

१४ जानेवारी, संक्रांत

यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, एक सांगायचंय. पुढचं सांगायच्या आधीच माझा हात पोटावर गेला. यांनी तिळगूळ मुठीत धरला. मग अगदी हळू विचारलं, "भरले तीन?"

मी मान हलवली. हे म्हणाले, "त्या गाभोळीवाल्या माशाला मीच मारलं होतं ना. तू मोरीत ओकलीस, त्या दिवसापासून एकाही माशावर भाला सोडला नाही मी. घरी बसलो असतो तर आईने कारण विचारलं असतं."

आत तीळ भाजणाऱ्या सासूबाईंचं उलथनं थांबलं. त्या दारात आल्या, यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे तुका पण ठावक होता?"