कांदाचाळीशेजारचे विमान विकण्याबाबत

फाल्गुनातली दुपार होती. विंचूरच्या रानात, विमानाच्या पंखाखाली सतरंजी टाकून मी आणि माझे यजमान बसलो होतो. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दाणे माझ्या ओंजळीत आणि टरफले स्वतःच्या खिशात. टरफल वाऱ्याने उडून इंजिनात जाईल अशी त्यांना भीती. मला ऊन लागू लागले तसे ते म्हणाले, "चंद्रा, सावली सरकली. तूही सरक." मी सरकले. त्या दिवशी आणखी काही घडले नाही.

माझे वकील श्री. सावळीराम वाघ म्हणतात की मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नसते. मी त्यांना म्हटले, "वाघसाहेब, ज्या वस्तूसाठी हे लिहायचे, ती आधी डोळ्यांसमोर यायला हवी." त्यांनी चष्मा पुसला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी, श्रीमती चंद्रभागा मल्हारराव ठोंबरे, वय वर्षे साठ, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे, बुद्धी थकलेली नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट, दोघातिघांनी नको म्हणून सांगितले. माझे शिक्षण देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले, त्यामुळे इंग्रजीत लिहिणे मला सोपे गेले असते. परंतु हा कागद माझे धाकटे दीर श्री. भिकनराव ठोंबरे यांनी स्वतः, कोणाकडून वाचून न घेता, वाचावा अशी माझी इच्छा आहे. म्हणून मराठीत लिहिते.

कलम १. गंगापूर रोडवरील घर, त्यातील सामानासह, माझी एकुलती एक मुलगी सौ. मंगल हिला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. वस्तू धरून बसण्याचा त्रास मी पुरेसा पाहिला आहे.

कलम २. बयाबाई माझ्या घरी स्वयंपाकाला आली तेव्हा मंगल पाळण्यात होती. मागची खोली तिने हयातभर वापरावी आणि घर विकले गेल्यास मंगलने तिला आपल्यासोबत न्यावे. माझे शिलाई मशीन बयाबाईचे. तिच्या हातचे पिठले मला कॉन्व्हेंटच्या कोणत्याही पुडिंगपेक्षा आवडत असे, हे तिला मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर रोज तेच मिळाले असते.

कलम ३. माझ्या जाऊबाई सौ. गोजराबाई यांनी सलग दोन उन्हाळे विमानाच्या पंखावर उडदाचे पापड वाळत घातले. तेलाचे डाग अजून आहेत. मी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो बाई, एवढा लांबरुंद पत्रा नुसता पडून हाय, पापडानं काय त्याची इज्जत जाती का?" त्यांना माझी मोठी लोखंडी बाज द्यावी. वाळवण तिच्यावर उत्तम होते. राग संपला, असे समजावे.

कलम ४. आता विमान. एका इंजिनाचे, चार जणांचे, अमेरिकन बनावटीचे. जमीन सुटली की चाके पोटात ओढून घेणारे आणि त्या वेळच्या फ्लाइंग क्लबांतल्या शिकाऊ विमानांच्या दुपटीने पळणारे. यजमानांनी ते १९६९ साली एका संस्थानिकाच्या मुलाकडून जुनेच विकत घेतले आणि कराच्या कारणासाठी माझ्या नावावर केले. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा विंचूरचे रान भावजींकडे गेले, आणि रानातली धावपट्टी व कांदाचाळीशेजारची पत्र्याची शेडही. त्यामुळे आज परिस्थिती अशी आहे की विमान माझे, शेडची चावी भावजींची आणि शब्द मेलेल्या माणसाला दिलेला.

त्या शब्दाविषयी पुढे लिहिते, कारण हे सगळे त्याच्यामुळेच लिहावे लागते आहे.

कलम ५. यजमान आठ वर्षे आभाळात फिरले आणि त्यांना साधे खरचटलेही नाही. १९७७ साली विमानाची बॅटरी आणायला जीप घेऊन निघाले आणि नाशिकातच, द्वारकेच्या चौकात ट्रकने त्यांना उडवले. दहाव्याच्या दिवशी आम्ही गोदेच्या काठी होतो. आम्हाला मुलगा नाही, म्हणून पिंड भावजींनी ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. एकही खाली येईना. इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून भावजी हात जोडून एकेक वचन देऊ लागले.

"दादा, वहिनीला अंतर देणार नाय."

कावळे हलले नाहीत.

"मंगलचं लग्न थाटात करू, दादा."

नाही.

"वाटणीवरून भांडणार नाय. तू सांगशील तसं करू." एक कावळा उडाला, तो शेजारच्या कोणाच्या तरी पिंडावर जाऊन बसला. मागून कोणीतरी हसले. भावजींना ते लागले असावे. उघड्या अंगाने, नुकत्याच भादरलेल्या डोक्याने ते उभे राहिले आणि रडत ओरडले, "दादा, तुझं विमान विकणार नाय! आपल्या घरातून कधीच जाऊ देणार नाय!"

वाक्य संपायच्या आत कावळा शिवला.

माझ्या सासूबाई अक्काबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बायकोसाठी नाही आला गं. विमानासाठी आला." त्या वारल्या त्याला सात वर्षे झाली. मी त्यांना क्षमा केली आहे, पण वाक्य अजून घरात आहे. जेवताना असते, दिवा मालवल्यावर असते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवले होते की आत्मा पक्ष्यात येत नाही. मी ते मानतही होते. तरी माझे नाव घेतले गेले तेव्हा त्या भिंतीकडे मी जितक्या आशेने पाहिले, तितके प्रार्थनेतही कधी पाहिले नसेल.

काही दिवस मी स्वतःला समजावते की माझी काळजी त्यांना नव्हतीच, चंद्रा निभावून नेईल हे त्यांना ठाऊक होते. काही दिवस हे समजावणे जमत नाही.

कलम ६. विमान विकत घ्यायला माणसे आली नाहीत असे नाही. पहिले गृहस्थ मुंबईचे. दार उघडून आत डोकावले आणि नाक धरून मागे आले. "मॅडम, ये एरोप्लेन है या भजिया की दुकान?" शेजारी कांदे साठवायची चाळ असल्यामुळे आसनांना कांद्याचा वास कायमचा बसला आहे, हे खरे. तरी ते घ्यायला तयार होते. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा शेडला कुलूप.

"चावी हरवली हाय," भावजी म्हणाले. ती त्यांच्या करगोट्याला दिसत होती.

मी त्यांना बाजूला घेतले. "भावजी, विमान माझ्या नावावर आहे."

"तुमच्याच नावावर हाय, वहिनी. मी कुठं नाय म्हणतो? पण बोललो मी हाय. दादा मला इचारल, तुम्हाला नाय."

मुंबईचे गृहस्थ तसेच परत गेले.

गेल्या वर्षापासून धुळ्याच्या बाजूचे एक निवृत्त कॅप्टन येत आहेत. ते तरुण मुलामुलींना विमान चालवायला शिकवतात. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडले, आत दिवा धरला आणि एकेक भाग बोटाने चाचपला. मग म्हणाले, "बाई, ही उडण्यासाठी केलेली वस्तू आहे. उभी ठेवली की आतून गंजते. एक-दोन पावसाळे अजून, मग मी घेणार नाही, भंगारवाला घेईल." त्यांना कांद्याच्या वासाचे काही वाटले नाही.

म्हणजे न विकण्याच्या वचनाने विमान राहणार नाही, त्याचा सांगाडा राहील. आणि माझ्यामागे तो मंगलच्या गळ्यात पडेल.

कलम ७. हे कलम भावजींसाठी आहे. त्यांनी वाचून शरमू नये.

यजमान गेल्यापासून मला चारच्या सुमाराला इंजिनाचा आवाज येतो. मी गच्चीवर जाते. आभाळ रिकामे असते. मंगल म्हणते, "आई, ओझरच्या कारखान्यातली लढाऊ विमानं असतात ती." ओझरच्या विमानांचा आवाज कापड फाडल्यासारखा येतो. हा आवाज एका सुरातला, जरासा खाकरल्यासारखा. लांबून येतो आणि घरावर आला की थांबतो. बयाबाईला तो ऐकू येत नाही, पण मी गच्चीवरून उतरले की ती न विचारता चहा ठेवते.

शेडमध्येही असेच. जाईन तेव्हा प्रोपेलरची पाती वेगळ्याच जागी थांबलेली. कधी उभी, कधी तिरकी. शेडला तर कुलूप. मी कोणाला बोलले नाही. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीत एक गोडीही होती.

चार वर्षांपूर्वी एका शनिवारी मी न कळवता विंचूरला गेले. शेड उघडी होती. विमानाच्या काचेमागे कोणीतरी बसलेले दिसले आणि मी दारातच थांबले. मग दिसले की ती आकृती उजवीकडे बसली आहे. यजमान नेहमी डावीकडे, वैमानिकाच्या जागी, बसत. उजवीकडे भावजी होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि शेजारच्या रिकाम्या आसनाशी बोलत होते.

"दादा, कांद्याचा भाव पार पडला बघ. पिंपळगावच्या बाजारात आपला टेम्पो दोन दिस उभा हाय. पंखा फिरवला हाय मी, अडकत नाय अजून." मग थांबले, कोणी काही विचारल्यासारखे. "वहिनी ना? बरी हाय. माझ्यावर रागावती, पण बरी हाय." पुन्हा थांबले. "बसलो की रे आता. तू म्हणायचा तवा नाय बसलो. लय भ्यायचो. आता बसलोय तर तू नाय."

यजमान त्यांना कितीदा म्हणाले होते, "भिकन, एकदा बस, नाशिकवरून एक चक्कर मारून आणतो." भावजी दरवेळी बैलाचे, पाण्याचे, पोटदुखीचे निमित्त काढत.

मी आवाज न करता परत फिरले. पाती कोण हलवते ते मला कळले. आवाज कोणाचा, ते अजून कळलेले नाही.

कलम ८. माझ्या मृत्यूनंतर विमान वर उल्लेखलेल्या कॅप्टनांना विकावे. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. पंख उतरवून ट्रकवरून न्यावे लागेल, कारण धावपट्टीवर आता कांद्याचे खळे आहे. रक्कम मंगलने घ्यावी. भावजींना त्यातले काही ठेवलेले नाही, कारण ते घेणार नाहीत आणि देऊ करणे त्यांचा अपमान होईल.

हे कलम वाघसाहेबांनी दहाव्याच्या आधी भावजींच्या हाती द्यावे.

भावजी, शब्द तुम्ही दिला, तो मोडायला मी तुम्हाला जिवंतपणी सांगितले नाही. आता मीही त्याच बाजूला गेलेली असेन. मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करावी लागते, हे तुमच्याकडूनच मी शिकले. तर माझी राहिलेली इच्छा एकच आहे: विमान जाऊ द्या. माझा पिंड तुम्हीच ठेवा. मंगल शेजारी उभी राहील. मला दुसरे कोणतेही वचन देऊ नका. घराचे नको, बयाबाईचे नको, त्यांची सोय मी केली आहे. एवढेच म्हणा, "वहिनी, विमान विकतो." दादाला काय सांगायचे ते मी सांगेन. इतकी वर्षे मीही त्यांच्याशीच बोलते आहे.

मंगलला हे पटलेले नाही. "आई, विमानाचा सौदा कावळ्यावर सोपवतेस?" ती म्हणाली. मी म्हटले, "कावळ्यावर नाही गं. तुझ्या काकांवर."

ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट पाहावी. तोवर कावळा शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववावा, घरी येऊन सर्वांनी जेवावे आणि विमान तरीही विकावे. कावळा न शिवता मी गेले तरी चालेल, हे मी ठरवले आहे. ठरवायला वेळ लागला.

कलम ९. विमानातील वस्तूंची व्यवस्था अशी:

कानाला लावायचे यंत्र मंगलला द्यावे. लहानपणी ती ते लावून बसे आणि वडिलांना "उतरायची परवानगी नाही" म्हणे.

नकाशे कॅप्टनांच्या विद्यार्थ्यांना द्यावेत. जुने आहेत, पण डोंगर हललेले नाहीत.

उजव्या बाजूचे आसन विमानातून काढून घ्यावे. कॅप्टनांनी त्याला होकार दिला आहे, ते दुसरे बसवतील. हे आसन श्री. भिकनराव ठोंबरे यांना द्यावे. ते त्यांच्या ओसरीवर, उजेडात ठेवावे, शेडमध्ये नाही. आणि घरातल्या कोणीही त्यांना त्यावर बसून काय बोलता असे विचारू नये.

डाव्या बाजूचे आसन कोणालाही देऊ नये. ते विमानाबरोबरच जावे. शिकणाऱ्या मुलामुलींपैकी जो कोणी पहिला येईल, त्याला त्यावर बसवावे.

या कागदावर मी दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना. दोघांचाही यातील कशावर हक्क नाही.

साक्षीदार:
१. डॉ. झुंबरलाल बेदमुथा, नाशिक
२. श्री. गेणू सखाराम पगारे, निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

सही: चंद्रभागा मल्हारराव ठोंबरे
ठिकाण: नाशिक
दिनांक: ९ फेब्रुवारी १९८७