मिठाच्या डबीतले तांदूळ

मी, लायनेल आर्थर टॅन्सी, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार रॉकहॅम्प्टन, क्वीन्सलंड, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे, बुद्धी थकलेली नाही; दोन्ही मते मला मान्य आहेत. हे लेखन कोणाच्या दडपणाखाली, भुरळीने वा औषधाच्या अमलाखाली झालेले नाही. माझे वकील श्री. डाउड यांनी पाठवलेल्या मसुद्यातील एकाच परिच्छेदात 'सदरहू' हा शब्द सात वेळा आला होता. तो मसुदा मी दुरुस्त करून त्यांना परत पाठवला आहे. या इच्छापत्राची अंमलबजावणी मात्र त्यांनीच करावी. कामाला माणूस चोख आहे.

कलम १. सन २०१० मध्ये मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. घर विकून येणाऱ्या रकमेतून शाळेत माझ्या नावाचे व्याकरण-पारितोषिक ठेवावे आणि माझी एकुलती मुलगी जॅनेल हिला काहीही देऊ नये, असे त्यात लिहिले होते. त्यातील वाक्यरचना निर्दोष होती. हेतू वाईट होता.

कलम २. माझे राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक जॅनेलला निर्वेधपणे मिळावी. मागच्या जिन्याची तिसरी पायरी कुजली आहे. तिथे पाय देऊ नये. घर ठेवावे की विकावे, हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे.

कलम ३. माझे सर्व शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयाला द्यावेत. त्यांच्या समासांत पेन्सिलीने केलेल्या खुणा पुसू नयेत. त्या बरोबर आहेत.

कलम ४. पंच म्हणून मी वापरत असे तो पांढरा कोट श्री. ट्रेव्हर गिलिगन यांना द्यावा. सन १९७४ च्या अंतिम सामन्यात मी त्यांना पायचीत दिले. चेंडू यष्टीबाहेर जात होता, असे ते आजही टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहून लोकांना सांगतात. चेंडू मधल्या यष्टीच्या रोखाने होता. हा कोट अंगात घालून त्यांनी एकदा तरी दुसऱ्या बाजूने तो प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

कलम ५. परसातील विटांची चूल, तिच्यावरचा रेल्वेच्या कारखान्यातून कापून आणलेला जाड लोखंडी तवा आणि लांब चिमटा या वस्तू जॅनेलला द्याव्यात. घरासोबत त्या जातच आहेत, तरीही त्यांचे वेगळे कलम केले आहे. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी स्टेक असे. तो मी करतो, अशी माझी सत्तेचाळीस वर्षे समजूत होती. खाटीक क्लेम वॉर्बीच्या दुकानातले रम्पचे, म्हणजे पुठ्ठ्याच्या मांसाचे, दोन बोटे जाड काप, तापून धूर सुटलेला तवा आणि माझ्या हातात मिठाची डबी. ती मी कापांवर उंचावरून खुळखुळवीत असे. "लायनेल, हाताला चव आहे तुझ्या," असे पाहुणे म्हणत, आणि मी चिमटा छातीशी धरून मान लववीत असे. माझी पत्नी एनिड तेव्हा सॅलडचे भांडे घेऊन मागे उभी असे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी एनिड सकाळी कच्च्या मांसाला मीठ लावताना मला दिसली होती. मिठाने रस निथळून जातो, हे मी तिला त्या संध्याकाळी चार पाहुण्यांदेखत सविस्तर समजावून सांगितले. तिने वाद घातला नाही. त्यानंतर तसे करताना ती मला कधीही दिसली नाही.

सन २००९ मध्ये एनिड गेली आणि माझा स्टेक बिघडला. काप तव्यावर पडताच त्याला पाणी सुटे. तो भाजण्याऐवजी उकडे आणि करडा पडे. मी क्लेमला मांसाच्या दर्जाविषयी चार पानी पत्र लिहिले व दोन वर्षे दुसऱ्या खाटकाकडे गेलो. तिथेही तेच. क्लेम माझा विद्यार्थी. मी परत गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, पत्र जपून ठेवलंय. शाळेत असताना तुम्ही माझ्यासाठी एवढं कधीच लिहिलं नव्हतं."

यंदा ईस्टरला एनिडची थोरली बहीण ऊना जेवायला आली होती. पहिल्याच घासाला तिने सुरी खाली ठेवली.

"हे काय वाढलंस, लायनेल? चपलेचा तळवा?"

"मांस निकृष्ट आहे," मी म्हणालो.

"मांसाला बोल लावू नकोस. मीठ कधी लावलंस?"

"भाजण्याआधी दहा मिनिटे. नेहमीप्रमाणे, याच डबीतून."

"आणि ही डबी हल्ली भरतं कोण?"

"मीच. एनिडच्या पश्चात धुऊन भरली. आत तांदूळच फार झाले होते, ते टाकून दिले."

इथल्या दमट हवेत मीठ पाझरू नये म्हणून डबीत चार दाणे तांदूळ सगळेच घालतात. त्यामुळे मला कधी संशय आला नव्हता. ऊना इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला.

"अरे शहाण्या, त्या डबीत तांदूळच होते! वरून चिमूटभर मीठ, तुझ्या समाधानापुरतं. तू नुसता खुळखुळा वाजवायचास. खरं मीठ ती सकाळीच लावायची, तू पंचगिरीला गेलास की. मग जाळीवर मांडून, उघडंच फ्रीजमध्ये. तू यायच्या आधी पुसून कोरडं करून ताटात ठेवायची. सकाळचं मीठ आत मुरतं; दहा मिनिटांच्या मिठाने नुसतं पाणी सुटतं."

"मला सांगितले का नाही?"

"सांगितलं होतं ना पहिल्या वर्षी. तू भाषण ठोकलंस. म्हणायची, उभं राहू दे त्याला चुलीपाशी, खूश असतो तिथे."

कलम ६. जॅनेलला हे ठाऊक होते. लहानपणी जाळी तीच धरत असे. एनिडच्या अंत्यविधीनंतर सभागृहात चहाच्या वेळी मी चार शब्द बोललो. एनिडला सगळे येत असे, फक्त स्टेक तेवढा माझा, असे मी म्हणालो, लोक हसले. जॅनेल उभी राहिली. "बाबा, आज तरी आईचं आईला देऊन टाका," ती म्हणाली. मी तिला विषयांतर करू नये असे सांगितले. ती त्याच दिवशी टाउन्सव्हिलला परतली आणि महिनाभराने तिचे तीन पानी पत्र आले. मी लाल शाईने त्यातील अकरा चुका दुरुस्त केल्या आणि ते परत पाठवले. तिसऱ्या पानावर मिठाचा उल्लेख होता, हे आता आठवते. तिथे मी एक स्वल्पविराम घातला होता. त्यानंतर सात वर्षे आमचे बोलणे नाही.

कलम ७. सबब, मी जाहीरपणे लिहून देतो की या घरातील सर्व चांगले स्टेक एनिड मॉड टॅन्सी हिचे होते. माझ्या अंत्यविधीला हे वाक्य मोठ्याने वाचावे. येणाऱ्यांना तिच्या रीतीने जेवण द्यावे: मीठ सकाळीच, दोन्ही बाजूंना व कडांनाही, काप जाळीवर, फ्रीजमध्ये, न झाकता, संध्याकाळी फडक्याने टिपून कोरडे करावेत. तेल मांसाला लावावे, तव्याला नव्हे. आधी चरबीची कड उभी धरून भाजावी, मग प्रत्येक बाजू अडीच मिनिटे. ऊन ताटलीत पाच मिनिटे विसावू द्यावे, मिरी त्यानंतर. कोणी कितीही आग्रह केला तरी वरून मीठ घालू नये.

कलम ८. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. गेल्या मंगळवारी क्लेम मांस घेऊन आला, तेव्हा साक्षीदार या नात्याने मी त्याला येथवरचे वाचून दाखवले.

"सर, हे जॅनेलला तुम्ही गेल्यावर कळणार?"

"मृत्युपत्राचा तोच उद्देश असतो, क्लेम."

"मग तिने उत्तर कुणाला द्यायचं?"

तो गेल्यावर मी जॅनेलला फोन लावला. क्रमांक ऊनाकडून घ्यावा लागला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. मीठ तुझी आई लावत असे."

"मी लिहिलं होतं तुम्हाला."

"हो. ते पत्र मी वाचले नव्हते, जॅनेल. फक्त तपासले होते. मला क्षमा कर."

"घरासाठी म्हणून मी यायची नाही हं, बाबा."

"घर कलम दोनमध्ये आहे. तू आली नाहीस तरी ते तुझेच राहील. हा फोन त्यासाठी नाही."

ती हसली की रडली, हे फोनवरून कळले नाही. मग म्हणाली, "शुक्रवारच्या गाडीने येते. आणि शनिवारी मांसाला हात लावायचा नाही. तुम्हाला सांगतेय मी."

मी हात लावला नाही.

कलम ९. ऊनाला मी एनिडचा चिनीमातीचा चहाचा संच देऊ इच्छित होतो. तिने नाकारला. "लाभार्थीला साक्षीदार होता येत नाही ना? मग राहू दे कप. तू सही करताना मला समोर बसायचंय," असे तिचे शब्द आहेत. संच जॅनेलकडे जाईल. ऊनाने तिच्याकडे जाऊन त्यातून चहा प्यावा.

आज दुपारी चार वाजता हे पूर्ण होत आहे. श्री. डाउड यांच्या सल्ल्यानुसार सहीच्या वेळी जॅनेल या खोलीत नाही. ती परसात चूल पेटवत आहे. मी चिमटा घेऊन बाहेर जाऊ लागलो, तो तिने माझ्या हातातून काढून घेतला आणि मला सॅलडचे भांडे धरून मागे उभे राहायला सांगितले. ती आता दुसऱ्यांदा हाक मारत आहे, म्हणून लेखन येथे संपवतो.

सही: लायनेल आर्थर टॅन्सी

वरील सही आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी, पूर्ण शुद्धीत व काहीशा घाईत झाली:
१. ऊना ग्रेस पेंडलबरी, सेवानिवृत्त परिचारिका
२. क्लेमंट जॉन वॉर्बी, खाटीक

स्थळ: रॉकहॅम्प्टन
दिनांक: १४ मे २०१६, शनिवार