जस्त, क्रोमियम आणि माझी राखाडी पँट

तीर्थस्वरूप ताईच्या पायांवर धाकट्याचं डोकं. (मनातल्या मनात ठेवलं आहे. खरोखर वाकलो तर उठताना शिलाईच्या मशीनला धरावं लागतं, आणि ते बिचारं माझ्याहून म्हातारं आहे.)

आम्ही दोघं खाऊनपिऊन सुखी. तू कशी आहेस? भावजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, जिना उतरताना गुडघ्याला शिव्या देऊ नका, तो ऐकत असतो आणि डूख धरतो. तुझं मागचं पत्र मिळालं. त्यात तू एकच प्रश्न विचारलास आणि त्याच्याखाली रेघ मारलीस, 'डोळे दाखवलेस का?' त्या प्रश्नाकडे मी येतोच आहे, पण सरळ रस्त्यानं आलो तर मी तुझा भाऊ कसला! आधी थोडं जस्ताविषयी.

तुला कळवलंच होतं की डॉक्टरबाईंनी माझं रक्त तपासलं आणि साखर दारात येऊन उभी आहे असं निदान केलं. आत आलेली नव्हती, पण चपला काढत होती. बाई म्हणाल्या, रोज चाला, ताटात जरा कमी वाढून घ्या, डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा डोळे दाखवा, आणि पुढच्या तपासणीला साखर हटलेली नसली तर गोळी सुरू करू. एवढ्या सगळ्यातला 'गोळी' हा एकच शब्द माझ्या कानात शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. आपल्या आबांना गोळ्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ त्यांची नजर गेली, हे आपण दोघांनी पाहिलं आहे. (तू म्हणशील, नजर गोळीनं गेली नाही, गोळी उशिरा घेतली म्हणून गेली. मान्य. पण लहानपणी डोक्यात बसलेलं भूत मोठेपणीच्या अकलेला दाद देत नाही.) आणि शिंप्याची नजर गेल्यावर त्याच्याजवळ उरतं काय? गळ्यातली टेप. तीसुद्धा दुसऱ्यानं वाचून दाखवायची.

अशा वेळी बुडत्याला काडी हवी असते, मला अर्धा डॉक्टर मिळाला. हा आमचा शेजारी. रक्त तपासायच्या ठिकाणी काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करायचा. निवृत्त झाल्यापासून माझ्या दुकानाच्या फळीवर बसून साऱ्या रस्त्याला सल्ले चिकटवतो. माझी कथा ऐकून त्यानं मान हलवली. म्हणाला, "मास्तर, तुमच्यात साखर जास्त नाहीये हो, तुमच्यात खनिजं कमी आहेत." ताई, काय सांगू, मला एकदम हलकं वाटलं. आपल्यात काही जास्त आहे म्हटलं की ते काढावं लागतं, आणि काढायचं म्हटलं की जिवावर येतं. कमी आहे म्हटलं की नुसतं गिळायचं! तो म्हणाला, जस्त घ्या. मी विचार केला, बरोबर आहे, पत्र्याला गंज चढू नये म्हणून जस्ताचाच मुलामा देतात, मग माणसाला का नको? क्रोमियम घ्या म्हणाला. सायकलच्या हँडलवर चकाकतं तेच. इतकी वर्षं पावसापाण्यात हँडल टिकतं, तर मी टिकणार नाही? मग मॅग्नेशियम आलं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या, आणि जेवणाआधी सफरचंदाचा शिरका (म्हणजे व्हिनेगर) आला, जो पिताना माझं तोंड असं व्हायचं की ही म्हणायची, "हेच तोंड करून जेवायला बसा, आपोआप कमी जेवाल."

आता एवढी औषधं ठेवायची कुठे? माझ्याकडे खणाखणांची वस्तू एकच, बटणांचा डबा. जस्त पांढऱ्या बटणांशेजारी, क्रोमियम पिवळसर बटणांशेजारी, अशी रंगावरून सोय लावली. त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की एके दिवशी एका शर्टाला कॉलरचं बटण कमी पडलं, आणि त्याच दिवशी गोळी एक जास्त उरली. पुढचं तूच समजून घे. (गोळी गिळताना मला वाटलंच होतं की आज जस्ताला चार भोकं कशी.)

मॅग्नेशियमनं पोट साफ होतं, हे अर्ध्या डॉक्टरनं सांगितलं होतं. कधी होतं ते मॅग्नेशियम स्वतः ठरवतं, हे सांगायला विसरला. बँकेचे मॅनेजर कोटाची ट्रायल द्यायला आले होते. कोट अंगावर, दोन्ही बाह्या टाचण्यांनी अडकवलेल्या, माझ्या तोंडात उरलेल्या टाचण्या, आणि तेवढ्यात आतून बोलावणं आलं. मी हातानंच 'हलू नका' अशी खूण केली आणि धावलो. परतलो तेव्हा साहेब दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखे तसेच उभे, आणि अर्धा डॉक्टर त्यांना सेलेनियमचे फायदे समजावून सांगतोय. ऐकणाऱ्याला पळता येत नाही, असा श्रोता त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

पण हे सगळं मी हसतहसत सोसलं, कारण गुण येत होता. तो कसा कळला, ते सांगतो. तुला आबांचा नियम आठवतो ना, शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये? दुसऱ्याचं पोट मोजताना शिंपी खरा असतो, स्वतःचं मोजताना श्वास आत ओढतो आणि सोडायला विसरतो. म्हणून मी टेपेला हात लावला नाही. वजनाच्या काट्यावरही माझा विश्वास नाही. मी एक राखाडी पँट शिवली, कमरेला मुद्दाम घट्ट, आणि ठरवलं की दर रविवारी ती घालून बघायची. पँट काय ते सांगेल. पहिल्या रविवारी हुक लागता लागेना. पुढच्या रविवारी लागला. त्याच्या पुढच्याला आत बोट गेलं, मग दोन बोटं, आणि एका रविवारी तर मी आख्खी मूठ घालून गिऱ्हाइकांना दाखवली. अर्धा डॉक्टर कृतकृत्य झाला. ही कोपऱ्यात बसून काजं करत होती, दातात दोरा धरून गालातल्या गालात हसली. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक वाटतंय. आणि डोळ्यांचं म्हणशील तर माशाच्या तेलानं कमाल केली होती. सकाळी दुकान उघडावं तर उशीत खोचलेल्या सगळ्या सुया दोऱ्यासकट तयार! (आदल्या दिवशी मीच ओवल्या असणार आणि विसरलो असणार, असं मी म्हणालो. अर्धा डॉक्टर म्हणाला, विसरण्यावर आपण पुढच्या महिन्यात काम करू.)

मग तपासणीचा दिवस उजाडला. मी राखाडी पँट घालून, मधेमधे ती वर ओढत, दिमाखात गेलो. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला. साखर चपला काढून आत आली होती आणि आता बसायला जागा मागत होती. मी म्हटलं, नळीवरची चिठ्ठी बदलली असणार, चिकटवणारी माणसं कशी असतात मला ठाऊक आहे. बाईंनी खणातून टेप काढली आणि माझ्या, एका शिंप्याच्या, पोटाला लावली. (धरली तीही उलटी.) पोट वाढलं होतं. मी पँटीत मूठ घालून दाखवली. बाई बघतच राहिल्या.

घरी आलो तो धुमसत. म्हटलं, टेप खोटं बोलेल, रक्त खोटं बोलेल, कापड बोलणार नाही. पँट काढली, उलटी केली आणि उजेडात धरली. मागच्या शिवणीत आपण पुढेमागे सोडता यावी म्हणून जास्तीच्या कापडाची माया ठेवतो ना, ती जवळजवळ संपलेली. तिथे सुईच्या जुन्या भोकांच्या रांगा, एकीशेजारी एक, तळ्याचं पाणी आटत जावं आणि काठावर खुणा उरत जाव्यात तशा. दर आठवड्याला कुणीतरी शिवण उसवून थोडी सोडली होती आणि परत घातली होती. मशीनवर नाही, हातानं. मुंगीच्या पावलाएवढे टाके. असे टाके या घरात एकच माणूस घालतं.

ही दारातच उभी होती. म्हणाली, "मग काय करू? पहिल्या रविवारी हुक लागेना तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. जेवला नाहीत धड. म्हटलं, सोडते थोडी, माणूस हसेल तरी."

"अगं, पण मी फुगत होतो!"

"फुगत होतात, पण हसत होतात ना. आणि सांगणारच होते मी पुढच्या रविवारी. माया संपली होती."

ताई, मला खूप ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि हसूच आलं, आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मी आपल्या पायांनी जाऊन गोळी लिहून आणली. बाईंनी माझी सगळी खनिजं टेबलावर मांडून बघितली. म्हणाल्या, रक्तात कमी निघेल तेवढंच भरून काढायचं असतं, बाकीचं नुसतं गिळून साखर हटत नाही. माझ्यात ड जीवनसत्त्व तेवढं खरोखर कमी निघालं, ते ठेवलं. बटणांच्या डब्यात आता फक्त बटणं आहेत. (कॉलरचं एक कमी.) संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो, ती पुढे आणि मी मागे. लोकांना वाटतं आमचं बिनसलंय. अर्ध्या डॉक्टरलाही ओढून नेतो. चालताना त्याला धाप लागते, त्यामुळे बोलत नाही. गोळीपेक्षा हा फायदा मोठा.

भावजींना नमस्कार. जपून राहा.

तुझा धाकटा (सध्या नाडीच्या पायजम्यात)

ता. क. तुझ्या रेघ मारलेल्या प्रश्नाचं उत्तर, नाही दाखवले. धीर झाला नाही. पण आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाव घातलं आहे. पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली आहे. डोळ्यांत थेंब घालतात, मग बराच वेळ सगळं धूसर दिसतं, म्हणून सोबत माणूस आणा म्हणाले. ही येते म्हणते. पण ही मला धीर देईल, आणि हिचा धीर कसा असतो ते मी पँटीत पाहिलं. डॉक्टर काय म्हणतात ते कुणीतरी नीट ऐकून मला ओरडून सांगायला हवं. तू येशील का?

वन्संना नमस्कार. यांचं पत्र वाचलं. सगळं खरं आहे, फक्त मॅनेजरसाहेबांना हातानं खूण केली हे खोटं. हे काय ओरडले ते पलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. तुम्ही याच. मीपण येणार आहे दवाखान्यात, रडणार नाही असं त्यांना सांगितलंय. रडले तर तुम्ही मलाही ओरडा.

आणखी ता. क. पाकीट मी चिकटवतो आहे, म्हणजे हे तिला दिसणार नाही. सुया मी ओवत नाही, ताई. उजेडात धरूनसुद्धा दोरा जात नाही. सकाळी मी यायच्या आधी त्या कोण ओवून ठेवतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती बोलत नाही, मीही बोलत नाही, माशाच्या तेलाचं नाव पुढे करतो. तू शाळेला जायच्या आधी आबांच्या सुया अशाच ओवून उशीत खोचून जायचीस, आणि आबा मला म्हणायचे, "बघ, आज दोरा कसा झटकन गेला!" मी तेव्हा ते खरं मानलं होतं.

आबांना माहीत होतं का गं? उत्तर लिहून पाठवू नकोस. येऊन सांग.