होडी बघायला गेलो

रविवार, जानेवारी १९९८, संध्याकाळ

केस अजून ओले आहेत, पण आधी हे लिहून टाकतो. शिडाची होडी घ्यायचं ठरलं!

निघताना बायकोने दहादा बजावलं होतं, "गळते का ते नीट बघा." म्हणून भुईगावच्या वाळूत ओढून ठेवलेली ती होडी मी तासभर तपासली. फळ्यांना चाकूचं टोक लावून पाहिलं, एकही कुजलेली नाही. डोलकाठी हलवली. शीड उन्हात धरलं तर दोनच भोकं, तीही शिवलेली. होडीचे मालक, म्हातारे इनासकाका, बाजूला बसून बघत होते. एवढं टोचून बघितल्याचा राग आला असेल का?

मग ते उठले. "होडी बघून झाली ना? आता मी तुमाला बघतो. उतरा पान्यात."

"कपड्यांसकट?"

"बुडताना कपडे काढायला टाइम नाय भेटत."

समोर पाण्यात नांगरलेल्या एका बोटीपर्यंत पोहून आलो, धापा टाकत. तेव्हा कुठे काका हसले. "द्यायला हरकत नाय."

दारात मला निथळताना बघून बायको म्हणाली, "म्हणजे गळतेच!"

नाही गं, म्हणणार होतो. पण आज पाण्यात मीच उतरलो. होडी उतरवायची राहिलीच की!