पांढऱ्याखालचा लाल

आई, या हातांनी इथे दुबईत काय काय शिवलं ते आधी सांगतो. हॉटेलांच्या दारवानांचे कोट, शाळांच्या गॅदरिंगचे मावळे, अरबांचे पायघोळ कंदुरे, आणि शर्यतीच्या उंटांवर बसवतात त्या छोट्या रोबोंचे रेशमी अंगरखे. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. उसवून बघितलं आणि शिकलो, असं सगळ्यांना सांगतो. आणि आता अल कुसैसच्या माझ्या वर्कशॉपमध्ये हे एक नवीन: जपानी दरबारातल्या बायकांचा पोशाख. एकावर एक पाच झगे, प्रत्येकाला वेगळं अस्तर.

तो मागवला इथे शिकवणाऱ्या एका जपानी बाईंनी, विद्यार्थिनींच्या कार्यक्रमासाठी. त्यात रंगांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि जोडीला झाडाचं नाव. पांढऱ्याखाली हिरवा म्हणजे वाळुंज, हिरव्याखाली जांभळा म्हणजे पाइन. त्यांना चेरीचा बहर हवा होता. मी फुलाच्या फोटोशी ताडून ताडून गुलाबी रेशीम रंगवून घेतलं. बाईंनी त्यावरून हात फिरवला. "मास्टरजी, व्हेरी गुड पिंक. बट नो पिंक." चेरीत गुलाबी कापड नसतंच म्हणे. वर पातळ पांढरं, आत लाल. गुलाबी आपोआप दिसतो. मला राग आला, पण लाल अस्तर अंथरलं, वरून पांढरं रेशीम सोडलं, आणि तू समोर आलीस.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तू शेजारच्या बाळाची कुंची शिवते आहेस. वर पांढरं मलमल, आत लाल अस्तर, आणि कुंची गुलाबी दिसते आहे. मी विचारतो, "लाल कडेलाच दिसतं ना? मग पट्टी लाव की. आत कोण बघतंय?" तू दाताने दोरा तोडतेस. "बरं. उद्या तुला भाकरीची पण नुसती कडच भाजून देते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच तशी वाढलीस, कडेने खरपूस, मध्ये कच्ची. हसलीसुद्धा नाहीस. स्वतः शिकलो म्हणताना हे मी कधी धरलंच नव्हतं.

बाईंचा पोशाख झाला. त्याचे फोटो बघून परवा एक इव्हेंटवाला आला. हॉटेलातल्या शोसाठी त्याला तसेच सहा हवेत. "अंदर कौन देखता है, मास्टरजी? गले पे, आस्तीन पे पट्टी मारो, खलास."

"अस्तर नहीं होगा तो गुलाबी कहाँ से आएगा?"

"तो पिंक कपडा लो ना, हबीबी."

त्याला भाकरीचं काही सांगितलं नाही. चहा पाजला आणि वाटेला लावलं.

हे पत्र कुठे पाठवणार? कात्रीच्या खणात राहील. तुझ्या सुनेने शारजाच्या रोल्लात दुकानाला जागा बघून ठेवली आहे, डिपॉझिटपाशी अडलंय. तिने विचारलं, "तो इव्हेंटवाला आलेला ना, काय म्हणाला?" मी म्हटलं, "बघू म्हणाला." तुला मात्र खरं सांगतो. नुसत्या कडांचे सहा पोशाख, वीस हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ पाच लाख रुपये. मी नको म्हटलं.